खराब्यातील खातेदार

सात-बाराच्या उताऱ्यावर लागवडीच्या क्षेत्राखाली 'पोटखराबा' नावाचा एक रकाना असतो. ज्या जमिनीत नांगर चालत नाही आणि जिच्यावाचून सरकारी खजिन्याचे काही अडत नाही, अशा खडकाच्या, ओहोळाच्या आणि माळाच्या तुकड्यांची नोंद त्या रकान्यात होते. आणि एकदा ती झाली, की तलाठ्यापासून खातेदारापर्यंत सर्वांच्या मनातून तो तुकडा जणू खारीज होतो. ज्याच्या आजा-पणजांनी कोरडवाहू जमिनीवर आयुष्ये काढली, त्या माझ्यासारख्याला हा शब्द परका नाही. परंतु त्यात दडलेला अन्याय प्रथम ध्यानात आला तो आपल्या मुलखापासून हजारो मैलांवर, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या हॅम्पशायर परगण्यात, 'न्यू फॉरेस्ट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशातील एका उजाड दिसणाऱ्या माळावर, जुलै महिन्यातील एका निरभ्र दिवशी सकाळपासून रात्री दहापर्यंत हिंडत असता. अशा माळाला इंग्रज लोक 'हीथ' म्हणतात, आणि आपला शेतकरी 'बरड' हा शब्द ज्या सुरात उच्चारतो, त्याच सुरात तिकडच्या शेतकऱ्यानेही हा शब्द शतकानुशतके उच्चारलेला आहे.

या प्रदेशाचे नाव दोन्ही अंगांनी फसवे आहे. त्याला नवे म्हणावे, तर विल्यम राजाने तो आपल्या शिकारीसाठी राखून ठेवला तो इसवी सन 1079 च्या सुमारास; आणि अरण्य म्हणावे, तर त्या काळच्या कायद्यात 'फॉरेस्ट' या शब्दाचा अर्थ झाडी असा नसून, राजाच्या शिकारीचे नियम जिथवर चालतात तेवढा मुलूख, मग त्यावर झाडे असोत वा नसोत, एवढाच होता. याच राजाने 1086 साली साऱ्या देशाची जी जमाबंदी करविली आणि जी 'डोम्सडे बुक' या दफ्तरात आजही वाचावयास मिळते, तीत या प्रदेशाची नोंद आहे. पुढे 1217 च्या सनदेने राजाच्या रानांत राहणाऱ्या रयतेच्या वहिवाटीला मान्यता मिळाली : माळावर गुरे-घोडी चारावयाची, शरदात ओकची फळे खाण्यासाठी डुकरे सोडावयाची, चुलीपुरते सरपण आणावयाचे, आणि पीट नावाची जी काळी, कुजकट, सुकल्यावर गोवरीसारखी जळणारी माती असते तिची ढेपळे कापावयाची. हे हक्क माणसाच्या नावावर नसून घराला आणि जमिनीला चिकटलेले असतात, म्हणजे आपल्याकडील वतनांशी त्यांचे काहीसे गोत्र जुळते. लिंडहर्स्ट या गावी आजही या हक्कांचे न्यायासन भरते. माळावर मोकळी चरणारी घोडी रानटी वाटली, तरी त्यांतील प्रत्येकीला मालक असतो, आणि त्याने वर्षाची चराई भरली, की देखरेख करणारा कामगार तिच्या शेपटीचे केस आपल्या हलक्याच्या ठरावीक नमुन्यात कातरतो. चराईची पावती घोडीच्या शेपटावर लिहिण्याची ही रीत मला कोणत्याही कचेरीतील शिक्क्याहून अधिक भरवशाची वाटली.

हे सारे प्रारंभीच सांगण्याचे कारण असे, की ज्या पाखरांविषयी आणि किड्यांविषयी पुढे लिहावयाचे आहे, त्यांचे आयुष्य या चराईवर आणि या ढेपळांवर उभे आहे. हीथ हा निसर्गाने आपण होऊन मांडलेला प्रकार नव्हे. तीन-चार हजार वर्षांपूर्वी, ब्राँझयुगातील लोकांनी येथील हलक्या वाळूवरचे रान तोडले, जाळले, त्यावर शेती केली, गुरे चारली. पावसाने वाळूतील क्षार आणि लोह खाली वाहून नेले. वर राखेच्या रंगाची निःसत्त्व वाळू आणि खाली लोखंडाचा टणक थर उरला. त्या काळच्या लोकांनी आपल्या मृतांवर जे मातीचे उंचवटे रचले, त्यांच्याखाली गाडल्या गेलेल्या जुन्या जमिनीतील परागकण वेचून डिम्बल्बी नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की आज जिथे हेदरची झुडपे आहेत तिथे त्या प्राचीन काळी वृक्ष उभे होते. आणि वृक्ष परत का आले नाहीत, याचे उत्तर डार्विनने 1859 सालच्या आपल्या ग्रंथात देऊन ठेवले आहे. सरे परगण्यातील फार्नहॅमजवळच्या माळावर, दुरून पाहता एकही रोप दिसत नव्हते अशा जागी, त्याने झुडपांच्या बुंध्यांत डोके घालून पाहिले, तेव्हा एका चौरस यार्डात पाइनची बत्तीस खुरटी झाडे आढळली. त्यांतील एकाच्या खोडावर सव्वीस वर्षांची वलये होती, आणि तितकी वर्षे ते झाड हेदरच्या वर डोके काढू पाहत होते व तितकी वर्षे गुरे ते खुडून टाकीत होती. गुरांचे तोंड आणि माणसाची कुदळ या दोहोंनी मिळून जे उघडे ठेवले, तेच हीथ.

माझ्या सोबतीला माळाजवळच्या एका गावचे सेवानिवृत्त शिक्षक होते. त्यांचे बोलणे असे, की तासाला दोन वाक्यांचा शिधा त्यांनी स्वतःला बांधून दिला असावा. आणि पाखरे पाहावयास जाताना याहून चांगला सोबती मिळणे कठीण.

सकाळी आठाच्या सुमारास आम्ही वाटेला लागलो, तेव्हा माळ जांभळा होऊ लागला होता. कोरड्या उतारावर लहान घंटांसारखी गडद जांभळी फुले येणारे हेदर ऐन बहरात होते, दलदलीच्या कडेचे फिकट गुलाबी हेदर त्याच्याच जोडीला, आणि ज्याने साऱ्या माळाला रंग चढावयाचा ते थोरले हेदर अजून कळ्यांत, ऑगस्टची वाट पाहत. त्यांच्या अधूनमधून गॉर्सची काटेरी जाळी. गॉर्सची पिवळी फुले वसंतात येऊन गेलेली असतात आणि उन्हाळ्यात शेंगा वाळतात; ऊन तापू लागले, की त्या तडातड उलतात, आणि शांत सकाळी ऐकणाऱ्याला वाटावे, की कोणी चण्याच्या भट्टीजवळ आपल्याला आणून बसविले आहे.

या आवाजात मिसळलेला दुसरा एक आवाज, दोन गारगोट्या एकमेकींवर आपटाव्यात तसा, गॉर्सच्या शेंड्यावरून येत होता. त्याचा धनी मला लांबूनच ओळखू आला. काळे डोके, मानेवर पांढरा डाग, विटकरी छाती, आणि बसल्या जागी शेपटी हलविण्याची ती अस्वस्थ खोड. आपल्या माळावर हिवाळ्यात पाहुणा म्हणून येणाऱ्या गप्पीदासाचा हा सख्खा भाऊबंद. गारगोट्यांच्या या आवाजावरूनच इंग्रजांनी त्याचे नाव ठेवले आहे, आणि आपण त्याच स्वभावाला गप्पिष्टपणा समजलो. दोन्ही नावे ठेवणाऱ्यांनी पाखराकडे कान देऊन पाहिले होते, एवढे मात्र खरे.

त्याच्या मागोमाग, जाळीच्या खालच्या अंगाने, एक वीतभरही नसलेला पक्षी सरपटल्यासारखा वर आला आणि उभारलेली लांब शेपटी हालवीत क्षणभर बसला. घरामागच्या कुंपणात दिसणारा आपला वटवट्या डोळ्यांपुढे आणावा, त्याची पाठ करड्या स्लेटच्या रंगाची आणि पोट मद्याच्या रंगाचे करावे, डोळ्याभोवती तांबडे कडे काढावे, म्हणजे डार्टफर्डचा वटवट्या तयार होतो. 1773 साली केंट परगण्यातील डार्टफर्ड गावाजवळच्या माळावर या जातीची जोडी मारली गेली आणि त्यावरून तिला हे नाव मिळाले. त्या काळी पक्षी ओळखण्याचा मार्ग बंदुकीच्या नळीतूनच जात असे. बहुतेक कीटकभक्षी पाखरे थंडी पडताच आफ्रिकेची वाट धरतात, पण हा हट्टी प्राणी गॉर्सच्या काट्यांत दडलेल्या कोळ्यांच्या आणि बारीक किड्यांच्या भरवशावर इंग्लंडचा हिवाळा तिथेच काढतो. हिवाळा सौम्य असला तर हा हिशेब जमतो. 1962-63 च्या हिवाळ्यात मात्र आठवडेच्या आठवडे बर्फ राहिले, गॉर्सची जाळी गोठून गेली, आणि वसंतात मोजदाद झाली तेव्हा साऱ्या ब्रिटनमध्ये या पाखराच्या दहा-अकरा जोड्या उरल्या होत्या. तेवढ्या बीजभांडवलावर ही जात पुन्हा माळ व्यापू शकली. हे ठाऊक असल्यामुळे असेल, समोरच्या त्या चिमुकल्या देहाकडे मी अधिक आदराने पाहिले. त्याने मात्र तोंडातली अळी पिलांना नेण्याच्या घाईत माझी दखल घेतली नाही.

दहानंतर पाखरे गप्प होतात आणि माळ किड्यांच्या ताब्यात जातो. तेव्हा पाहणाऱ्याने दुर्बीण खाली ठेवावी आणि गुडघे टेकावेत. मी घोड्यांच्या टापांनी उखणलेल्या, झाडोरा नसलेल्या वाळूच्या एका उतारावर बसलो. या जागेइतकी रिकामी जागा त्या माळावर दुसरी नव्हती, आणि तिच्याइतकी गजबजलेली वस्तीही दुसरी नव्हती. वाळूत बोराएवढ्या तोंडाची पाच-पंचवीस बिळे होती; त्यांच्यापुढे उकरलेल्या वाळूचे लहान लहान ढीग; आणि दर दोन-तीन मिनिटांनी एखादी काळी-पिवळी गांधीलमाशी पोटाशी एक मधमाशी उलटी धरून जडपणे उतरे व बिळात शिरे. इंग्रजीत हिला 'मधमाश्यांचा लांडगा' म्हणतात. ती स्वतः फुलांतील मधुरसावर जगते. मधमाशी हवी असते ती लेकरांसाठी. फुलावर बसलेल्या मधमाशीला ती पकडते, नांगीने असे विष टोचते की मधमाशी मरत नाही, पण पुन्हा हलतही नाही, आणि अशा काही मधमाश्या एका कोठडीत रचून त्यांच्यावर एक अंडे घालते. अळीला पुढचे कित्येक दिवस ताजे अन्न मिळते. मुंबईच्या बंदरात शीतगृहे बांधली जाण्याच्या कितीतरी आधी ही युक्ती वाळूत चालू होती.

परंतु ओलसर वाळूत साठविलेल्या अन्नाला बुरशी लागते, आणि अळीने विणलेल्या कोशालाही ती सोडत नाही. कोशात तर हिवाळाभर पडून राहावयाचे असते. यावर या माशीने काढलेला तोडगा आपल्या शतकाच्या प्रारंभी उघडकीस आला. तिच्या शृंगिकांत, म्हणजे डोक्यावरच्या दोन मिशांत, सूक्ष्म ग्रंथी असतात आणि त्यांत ती स्ट्रेप्टोमायसिस वर्गातील जंतू बाळगते. कोठडीच्या छताला ती या जंतूंनी भरलेला पांढरा लेप लावून ठेवते. कोश विणताना अळी तो लेप आपल्या रेशमात मिसळते, आणि जंतूंनी तयार केलेली औषधे बुरशीला दूर ठेवतात. याच वर्गातील एका जंतूपासून माणसाने स्ट्रेप्टोमायसिन काढले आणि क्षयाच्या रोग्यांना जीवदान दिले, ही गोष्ट आपल्याला अभिमानाने सांगितली जाते. गांधीलमाशीकडे ते औषध किती काळापासून आहे, याचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही.

या पाच-पंचवीस सारख्याच बिळांतून आपले बीळ तिला कसे सापडते? हा प्रश्न 1930 च्या आसपास हॉलंडमधील हुल्शोर्स्ट या वालुकामय माळावर निको टिनबर्गन नावाच्या तरुणाला पडला. माशी बिळात असताना त्याने बिळाच्या तोंडाभोवती पाइनच्या वाळलेल्या फळांचे कडे मांडले. बाहेर पडल्यावर माशीने हवेत काही फेऱ्या घालून जागा नजरेत भरून घेतली आणि ती शिकारीला गेली. तिच्या माघारी टिनबर्गनने सगळे कडे उचलून हातभर बाजूला सरकविले. मधमाशी घेऊन परतलेली माशी थेट कड्याच्या मध्यभागी उतरली, तिथे बीळ नाही हे पाहून गोंधळली, उडाली, पुन्हा कड्यातच उतरली. खरे बीळ शेजारी उघडे होते, त्याकडे ती फिरकली नाही. कडे मूळ जागी ठेवताच ती सरळ घरात गेली. एवढ्याशा डोक्यात जागेचा नकाशा असतो आणि तो खुणांवरून काढलेला असतो, हे सिद्ध करण्यासाठी लागलेले साहित्य म्हणजे रानात फुकट मिळणारी फळे आणि उन्हात बसण्याची चिकाटी. 1973 साली टिनबर्गनला जे नोबेल पारितोषिक मिळाले, त्याचे मूळ अशा दुपारींत आहे. प्रयोगशाळेला निधी नाही म्हणून हात बांधून बसलेल्या आमच्या विद्यार्थ्यांनी ही हकीकत जरूर वाचावी.

उताराच्या दुसऱ्या टोकाला सुतासारख्या बारीक कंबरेची, तांबड्या पट्ट्याची दुसरी एक माशी आपल्याहून लठ्ठ हिरवी अळी फरफटत नेत होती. झुडपांच्या बुंध्यांतून, खड्ड्यांतून, घोड्याच्या टापेच्या ठशातून तिची ती ओढाताण मी पाऊण तास पाहिली. तिच्या कुळातील एका जातीविषयी बेरेंड्स या डच शास्त्रज्ञाने 1941 साली लिहिले, की मादी एकाच वेळी दोन-तीन बिळांतील लेकरांचा सांभाळ करते. सकाळी प्रत्येक बिळाची तपासणी करते, कोणाकडे किती अन्न उरले ते पाहते, आणि त्याप्रमाणे दिवसभराचा पुरवठा ठरविते. तपासणी आटोपल्यावर शास्त्रज्ञाने बिळातील साठा बदलला, तर तिच्या त्या दिवसाच्या कामात फरक पडत नाही. सकाळी झालेली नोंद संध्याकाळपर्यंत कायम. हे वाचून मला आमच्या एका जुन्या कारकुनाची आठवण झाली, पण ती येथे नको.

हेदरवर निळी फुलपाखरे अक्षरशः शेकड्यांनी होती. अंगठ्याच्या नखाएवढे पंख, नराचे वरून निळे, खालच्या बाजूला राखाडीवर काळे ठिपके, आणि कडेच्या ठिपक्यांच्या मध्ये चांदीचे बारीक टिकले. उन्हात पंख मिटून बसले की ते चमकतात, आणि त्यावरूनच त्याला रुपेरी टिकल्यांचा निळा असे इंग्रजी नाव पडले. दिसावयास इतका नाजूक असलेला हा जीव मुंग्यांच्या आश्रयाशिवाय जगत नाही. मादी अंडी घालते ती काळ्या मुंग्यांच्या वारुळाजवळच्या कोवळ्या फुटव्यापाशी. अंडे हिवाळा काढते, वसंतात अळी बाहेर पडते, आणि मुंग्या तिचा पहारा करतात; कारण तिच्या पाठीवरील एका ग्रंथीतून गोड रस पाझरतो. अळीला खाऊन टाकणे मुंग्यांना सहज शक्य असते, पण ज्या गायीचे दूध काढावयाचे ती कोणी कापीत नाही. अळीचा कोशही बहुधा वारुळात किंवा त्याच्या तोंडाशी होतो, आणि पंख सुकविण्यासाठी नवे फुलपाखरू वर चढते तेव्हा काही मुंग्या त्याच्या अंगाखांद्यावर फिरत असतात. वारूळ ऊबदार हवे, म्हणून जमीन उघडी हवी. पाला कोवळा हवा, म्हणून हेदर अधूनमधून चरलेले, कापलेले किंवा जळलेले हवे. हे फुलपाखरू लांब उडणारे नव्हे. बहुतेकांचे आयुष्य काही शे पावलांच्या घेऱ्यात संपते. चराई थांबून झुडपे वाढली आणि वारुळावर सावली आली, तर शेजारचा माळ फर्लांगभर अंतरावर असूनही त्याला तो सापडत नाही. भुरक्या रंगाचे दुसरे एक फुलपाखरू वाटेवर माझ्या बुटाजवळ बसले, पंख मिटले, उन्हाच्या बाजूला कलंडले, आणि त्याची सावली नाहीशी होताच तेही नाहीसे झाले. ते उडेपर्यंत मला पुन्हा दिसले नाही.

दुपारचा चहा आम्ही दलदलीच्या कडेला, शेवाळाच्या गादीवर बसून घेतला, आणि तिथे मला घरचे माणूस भेटल्यासारखे झाले. शेवाळात लहान तांबड्या पानांची एक वनस्पती होती, पानांवर केस, केसांच्या टोकांवर चिकट थेंब, आणि थेंबांत अडकलेल्या चिलटांचे सांगाडे. दवबिंदूच्या याच कुळातील दोन-तीन जाती कासच्या पठारावर आणि कोकणातील सड्यांवर पावसाळ्यात दिसतात. कारणही तेच : सड्यावरचा जांभा खडक काय आणि हीथवरची धुपलेली वाळू काय, दोन्हींत नत्राचा दुष्काळ, म्हणून वनस्पती ते नत्र किड्यांच्या देहातून वसूल करते. 1860 च्या उन्हाळ्यात ससेक्सच्या एका माळावर डार्विनने ही पाने पाहिली, त्यांवर अडकलेल्या किड्यांची संख्या पाहून तो चकित झाला, आणि पंधरा वर्षांनी कीटकभक्षी वनस्पतींवर त्याचा आख्खा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पाण्यावर निळे चतुर आणि काडीसारख्या टाचण्या घिरट्या घालीत होत्या. तेवढ्यात आकाशातून विळ्यासारख्या पंखांचा एक लहान ससाणा खाली आला, एक चतुर पायात धरून वर गेला आणि उडता उडताच त्याचे पंख तोडून खाऊ लागला. तोडलेले ते चार पंख गिरक्या घेत आमच्या चहाच्या भांड्यांपासून दहा पावलांवर पडले. शिक्षकमहाशयांनी त्या तासाच्या शिध्यातील एक वाक्य येथे खर्चिले : "हाही आफ्रिकेहून येतो."

परतीच्या वाटेवर हेदरच्या काडीला बोटाएवढा हिरवागार सुरवंट लटकलेला होता, प्रत्येक वळीला काळे कडे आणि कड्यावर पिवळ्या पुटकुळ्या. हा सम्राट पतंगाचा सुरवंट. ज्या कुळातील किड्यांच्या कोशांपासून आपल्या विदर्भात भंडारा-गडचिरोलीकडे टसर काढतात, त्या कुळाचा ब्रिटनमधील हा एकटा वारस. त्याच्या कोशाच्या तोंडाशी ताठ धाग्यांचे असे एक झाकण असते, की आतून पतंग बाहेर येऊ शकतो, बाहेरून कोणी आत शिरू शकत नाही. त्याच्या रेशमाचा मात्र माणसाला उपयोग नाही. म्हणूनच बहुधा तो सुखात असावा.

येथे थोडे थांबून एक अप्रिय हिशेब मांडला पाहिजे. शेजारच्या डॉर्सेट परगण्यात 1811 साली सुमारे 75,000 एकर हीथ होते. 1960 पर्यंत त्यातील 25,000 एकरांच्या आसपास उरले, आणि तेही तुकड्यातुकड्यांत. टॉमस हार्डीने 1878 च्या आपल्या कादंबरीत ज्या अथांग माळाचे वर्णन केले, तो याच परगण्यातला. काही जमीन नांगराखाली गेली, काही घरांखाली, आणि बरीचशी पाइनच्या लागवडीखाली. शेवटचे कारण विशेष विचार करण्यासारखे आहे, कारण झाडे लावणे हे पुण्यकर्म आहे याविषयी कोणाला शंका नसते. आपल्याकडे सोलापूर, अहिल्यानगर, पुणे या जिल्ह्यांतील गवताळ माळांवर, जिथे धाविक, चंडोल आणि एके काळी माळढोक होता, गिरिपुष्प आणि निलगिरीचे खड्डे ओळीने खणले जातात, त्यामागेही हीच सद्भावना आहे. माळावर झाड नाही, म्हणजे काही तरी राहून गेले आहे, असे समजणारा मनुष्य रिकाम्या पाटीवर काही तरी गिरविल्याशिवाय राहू न शकणाऱ्या मुलासारखा असतो. पाटी रिकामी नसते, ही अडचण आहे.

जुलैत तिकडे सूर्य नवानंतर मावळतो. उजेड ओसरू लागला तेव्हा आम्ही पाइनच्या एका वाळलेल्या झाडापासून थोड्या अंतरावर वाटेच्या कडेला बसलो होतो. गवताच्या काडीवर प्रथम एक हिरवा दिवा लागला. हा काजवा आपल्या भंडारदऱ्याच्या काजव्यांसारखा झाडभर लुकलुकत नाही. मादीला पंख नसतात. ती काडीवर चढून शेपटीकडचा स्थिर दिवा वर करून बसते, आणि नराची भेट झाली की तो विझविते.

मग तो आवाज सुरू झाला. शिवणयंत्र दूर कोठे तरी न थांबता चालू असावे, असा तो कोरडा, एकसुरी घरघराट. सेकंदाला पंचवीस ते चाळीस ठोके, श्वास घेण्यापुरतीही उसंत नाही. पाखराने मान वळविली की तो मंद होई, पुन्हा वळविली की जवळ येई. रातवा वाळक्या फांदीवर आडवा न बसता तिच्या लांबीला धरून बसला होता, आणि फांदीची गाठ कोठे संपते व पक्षी कोठे सुरू होतो, हे मला शेवटपर्यंत कळले नाही. आपल्या माळावरच्या रातव्याचे 'चक्-चक्-चक्' ऐकून वाढलेल्या कानाला हा भाऊ फारच लांबण लावणारा वाटला. हॅम्पशायर परगण्यातीलच सेल्बर्न गावचे पाद्री गिल्बर्ट व्हाइट यांनी 1789 च्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे, की टेकडीवरील गवताच्या एका झोपडीत मंडळी चहा घेत असता रातवा तिच्या माथ्यावर येऊन गाऊ लागला, तेव्हा सबंध झोपडी थरथरू लागल्याचे सर्वांना जाणवले. या गरीब पाखरावर दोन आरोप होते. दक्षिण युरोपात, तो रात्री शेळ्यांचे दूध पितो असा. त्याच्या शास्त्रीय लॅटिन नावाचा अर्थच शेळ्या पिळणारा असा आहे. आणि हॅम्पशायरात, तो वासरांना झपाटून रोग लावतो असा. व्हाइटने दुसरा आरोप तपासला आणि वासरांच्या पाठीवरील गाठी या एका माशीच्या अळ्यांमुळे होतात असे नमूद करून रातव्याची निर्दोष सुटका केली. रातवा गुरांजवळ फिरतो तो त्यांच्याभोवती जमणाऱ्या किड्यांसाठी. म्हणजे आरोपी हा खरे पाहता गुरांचा चाकर होता. फिर्यादीने अशी उलटापालट करून ठेवल्याची उदाहरणे आपल्या कोर्टांतही थोडी नाहीत.

घरघर एकाएकी थांबली, पंखांच्या टाळ्या वाजल्या, आणि आमच्या डोक्यावरून एक लांब पंखांचा, आवाज न करणारा आकार पतंगासारखा तरंगत गेला. पंखांच्या टोकांवरचे पांढरे डाग अंधारात लखलखले. पांढरा रुमाल हलविला, तर प्रतिस्पर्धी आला असे समजून नर अगदी जवळ येतो, असे मी वाचले होते, म्हणून खिशात हात घातला. माझ्या सोबत्यांनी माझे मनगट हलकेच धरले आणि रुमाल परत खिशात ठेवावयास लावला. मे महिन्यात आफ्रिकेहून यावयाचे, ऑगस्ट-सप्टेंबरात परत फिरावयाचे, आणि मधल्या चार चांदण्यांत उघड्या जमिनीवर, घरटे म्हणावे असे काहीही न बांधता, दोन अंडी घालून पिले वाढवावयाची. एवढ्या तुटपुंज्या मुदतीत त्याचा एक मिनिटभरही वेळ माझ्या करमणुकीसाठी घेणे त्यांना मंजूर नव्हते. न्यू फॉरेस्टात 1 मार्च ते 31 जुलैपर्यंत लोकांना ठळक वाटा सोडून माळावर जाऊ नये अशी विनंती केलेली असते, आणि कुत्रीही वाटेवरच ठेवावी लागतात.

आपल्याकडे अशी विनंती करणारी पाटी बहुतेक माळांवर नाही. तेव्हा वाचकहो, या उन्हाळ्यात तुम्ही गावच्या खराब्यात सकाळी फिरावयास गेलात, तर गाडीची चाकोरी सोडू नका, आणि सोडलीच तर पायाखाली पाहून चाला : टिटवीची चार अंडी आणि रातव्याची दोन, दोन्ही उघड्या मातीवरच असतात आणि दोन्हींचा रंग मातीचाच असतो.